मॅडम गावाला गेल्या

तायडे मॅडम वारल्याचा निरोप रुख्मिणीच्या घरी एका गुरुवारी सकाळी आला. शाळेच्या जुन्या पालकांचा मोबाईलवर ग्रुप होता, त्यावर कुणीतरी टाकलं होतं. रुख्मिणीच्या मोठ्या मुलानं, शेखरनं, ते वाचून दाखवलं. जमुना तायडे, वय एकसष्ट. अमरावतीला धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या, तिथंच पहाटे हृदयविकाराचा झटका आला. माती त्याच दिवशी दुपारी, अमरावतीतच.

पातूरच्या पलीकडे चार किलोमीटरवर रुख्मिणीच्या घरचा मळा. भाजीपाला आणि थोडा झेंडू. रुख्मिणी पालकाच्या जुड्या बांधत होती. तिची सव्वीस वर्षांची मुलगी दामिनी तिकडं विहिरीपाशी मुळे धूत होती. तिनं काही ऐकलं नव्हतं.

"तिले सांगू नको," रुख्मिणीचा नवरा भगवंत म्हणाला. "समजणार नाई तिले. उगाच रडून रडून आजारी पडीन."

दुपारी दामिनीनं स्वतःच विचारलं, "परवा शनवार ना?" तेव्हा रुख्मिणीच्या तोंडून निघून गेलं, "यावेळी मॅडम नाईत. गावाले गेल्या. अमरावतीले, बहिणीकडं."

"कधी येतीन?"

"येतीन."

तायडे मॅडम अकोल्याला विशेष मुलांच्या शाळेत शिकवत. दामिनी त्यांच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला हातानं जेवता येत नव्हतं. घरात कुणी जेवू दिलंच नव्हतं, प्रत्येक जण भरवायचा. पहिल्याच महिन्यात मॅडमनी रुख्मिणीला सुनावलं, "पोरीचे हात चांगले आहेत. तुम्हीच बांधून ठेवलेत." गोड बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर असायची, पालक मात्र त्यांना भ्यायचे.

दामिनी सतरा वर्षांची झाल्यावर मॅडमनी ठरवलं, आता हिनं एकटीनं यायचं. मळ्यापासून जीपनं पातूर, पातूरहून एसटीनं अकोला. भगवंतानं साफ नाही म्हटलं. मॅडम एका रविवारी चर्चमधली उपासना आटोपून थेट मळ्यात आल्या, भगवंताशी दोन तास भांडल्या आणि जेवून गेल्या. पुढं अकरा महिने लागले. दामिनीला वाचता येत नाही. पण पुठ्ठ्यावर लिहिलेलं 'अकोला' आणि गाडीच्या पाटीवरचं 'अकोला' सारखं आहे की नाही, हे तिला पाहता येऊ लागलं. नाहीच समजलं तर चौकशीच्या खिडकीशी जायचं आणि मोठ्यानं विचारायचं. मॅडम आधी तिच्या शेजारी बसत, मग मागच्या सीटवर, मग दारापाशी. मग एका सोमवारी त्या आल्याच नाहीत, आणि दामिनी वेळेवर शाळेत पोहोचली.

तीन वर्षांपूर्वी मॅडम निवृत्त झाल्या. तरी दर शनिवारी मोठ्या झालेल्या सात-आठ मुलांना त्या चर्चच्या हॉलमध्ये बोलवत. चर्चची बरीच कामं त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. रविवारसाठी झाडलोट, खुर्च्या, गीतांची पुस्तकं, फुलं. ती त्यांनी या मुलांना वाटून दिली. दामिनी मळ्यातला झेंडू न्यायची आणि फुलदाण्या भरायची. रुख्मिणीची चुलत जाऊ दुर्गाबाई एकदा म्हणाली, "पोरीले चर्चमधी काहून पाठवतं? धर्म बदलवून टाकतीन." रुख्मिणीनं ते मॅडमना तोंडावरच विचारलं. "तिला गाडी बदलता येते ना?" मॅडम म्हणाल्या. "मला तेवढं बदलणं पुरे आहे." चर्चमध्येही काहींना मुलांचा गोंगाट खपत नसे. त्यांनाही मॅडमनी असंच काहीतरी ऐकवलं असणार.

सहा वर्षांपूर्वी दामिनीचे आजोबा, महादेवराव, वारले. दामिनीला घरच्यांनी सांगितलं, आबा देवाघरी गेले. ती रोज विचारायची, "कोणत्या गाडीनं?" आणि संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभी राहायची. मॅडमना कळलं तशा त्या आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी दामिनीचा हात आपल्या नाकासमोर धरला. "हा श्वास. आबांचा श्वास थांबला. आबा मेले. मेलेला माणूस परत येत नाही." दामिनी दोन दिवस रडली आणि फाट्यावर जायची थांबली. जाताना मॅडम रुख्मिणीला म्हणाल्या, "गेले म्हटलं की ती वाट पाहणार. तिला मेले म्हणून सांगत जा."

हे सगळं रुख्मिणीला आठवत होतं. तरी तिनं सांगितलं नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू.

पहिला शनिवार दामिनी घरी राहिली. दुसऱ्या शनिवारी सकाळी तिनं झेंडू तोडला, पिशवीत भरला आणि निघाली. रुख्मिणीनं अडवलं नाही. चर्चच्या पास्टरांना तिनं आधीच फोन करून ठेवला होता, पोरीला काही सांगू नका म्हणून. एरवी चारला परत येणारी दामिनी पाच वाजले तरी आली नाही. पुन्हा फोन केला तर पास्टर म्हणाले, "ती आज आलीच नाही."

शेखरनं मोटरसायकल काढली, रुख्मिणी मागं बसली.

दामिनी अकोल्याच्या स्टँडवर होती. अमरावतीच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर, मांडीवर फुलांची पिशवी घेऊन. पाण्याच्या बाटल्या विकणारा म्हणाला, "सकाळपासून बसून आहे. अमरावतीची गाडी आली की उठते, दाराशी उभी राहते. सगळे उतरले की वापस येते. कोणाची वाट पाहून राहिली म्हणलं, तर म्हणते मॅडमची."

"अक्कल आहे का तुले?" शेखर ओरडला.

"तिले काही बोलू नको," रुख्मिणी म्हणाली आणि दामिनीशेजारी बसली. "दामिनी, मॅडम येणार नाईत. मॅडम मेल्या."

दामिनीनं तिच्याकडं पाहिलं. "आबासारख्या?"

"हो."

"श्वास नाई?"

"नाई."

"कधी?"

"नऊ दिवस झाले."

दामिनीनं बोटं मोजली. नऊपर्यंत मोजून झाल्यावर म्हणाली, "तुले माईत होतं?"

"हो."

"तू खोटं बोलली."

ती रडली नाही. पिशवी तिनं शेखरच्या हातात दिली आणि पातूरच्या गाडीत जाऊन बसली. रुख्मिणीही चढली, पण दामिनीनं शेजारच्या सीटवरचा हात काढला नाही. रुख्मिणी मागं जाऊन बसली.

त्या दिवसापासून दामिनी आईशी बोलेना. काम करायची, जेवायची, बापाशी-भावाशी बोलायची. रुख्मिणीनं हाक मारली की उठून दुसरीकडं जायची. चौथ्या दिवशी तिनं शेखरला सांगितलं, "मॅडम दाखव." शेखरला बाजारात माल न्यायचा होता. रुख्मिणी म्हणाली, "मी नेतो."

रुख्मिणी एकटी कधी अमरावतीला गेली नव्हती. अकोल्याच्या स्टँडवर ती दोनदा चुकीच्या गाडीपाशी गेली. दामिनी मुकाट्यानं चौकशीच्या खिडकीशी गेली, मोठ्यानं "अमरावती?" म्हणाली आणि आईसाठी न थांबता बरोबर गाडीकडं चालू लागली.

आधी फोन केला होता, म्हणून मॅडमची बहीण पौर्णिमा अमरावतीच्या स्टँडवर घ्यायला आली होती. ऑटोनं ती त्यांना कब्रस्तानात घेऊन गेली. दगड अजून बसवला नव्हता. ओल्या काळ्या मातीचा उंचवटा, वर लाकडी क्रूस आणि त्यावर रंगानं लिहिलेलं नाव.

"खाली?" दामिनीनं विचारलं.

"हो," पौर्णिमा म्हणाली.

"डोकं कोणीकडं?"

पौर्णिमानं दाखवलं. दामिनी त्या बाजूला मांडी घालून बसली आणि मग रडली, नाक-डोळे एक करून, मोठमोठ्यानं. रुख्मिणीलाही तिथं पहिल्यांदा रडू आलं. शेजारच्या कबरीपाशी आलेली माणसं पाहत राहिली.

पौर्णिमानं दोघींना घरी नेऊन जेवू घातलं. "ताई शुक्रवारी कधी माझ्याकडं मुक्काम करायची नाही," ती म्हणाली. "शनिवारी मुलं येतात, म्हणायची. यावेळी बुधवारीच छातीत दुखत होतं, तरी शुक्रवारच्या गाडीचं विचारत होती."

महिन्यानं अकोल्याच्या चर्चमध्ये मॅडमची स्मरणसभा झाली. पास्टर बोलले, शाळेचे मुख्याध्यापक बोलले. मॅडम शांत होत्या, प्रेमळ होत्या, सहनशील होत्या. आणखी कुणाला बोलायचंय का, असं विचारल्यावर रुख्मिणी उभी राहिली. असं चारचौघांत ती कधी बोलली नव्हती. तिनं पदर हातात घट्ट धरला.

"मॅडम शांत नव्हत्या," ती म्हणाली. "मले तर लय रागवायच्या."

मागं बसलेले पालक हसले. मुख्याध्यापकही हसले.

"त्याईनं मले एकच गोष्ट शिकवली होती, पोरीले खरं सांगजो म्हणून. त्या गेल्या अन् मी पहिल्याच दिवशी खोटं बोलली. पोरगी दिवसभर स्टँडवर बसून राहिली माह्यामुळं. आमाले वाटते लेकराले समजत नाई. समजत आमाले नाई." ती थांबली. पुढचं तिनं सगळ्यांकडं नाही, तिसऱ्या रांगेत बसलेल्या दामिनीकडं पाहून म्हटलं. "माही चूक झाली, दामिनी. पुन्हा नाई बोलणार खोटं."

दामिनी समोर पाहत होती.

सभा संपल्यावर चहा झाला. शाळेतली शालू नावाची तरुण शिक्षिका पास्टरांशी बोलत होती. शनिवारचा वर्ग ती घ्यायला तयार होती, पण महिन्यातून दोनदाच जमेल म्हणाली. उरलेल्या दोन शनिवारी आपण पालकच आळीपाळीनं येऊ, असं रुख्मिणी आणि आणखी दोघींनी कबूल केलं. कसं जमेल, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत दामिनी खिडकीशी बसली. शेजारची सीट रिकामी होती. रुख्मिणी जरा घुटमळली आणि बसली. दामिनी उठली नाही. गाडी शहराबाहेर पडली, तिकिटं काढून झाली.

"चहात साखर कमी होती," दामिनी म्हणाली.

"हो," रुख्मिणी म्हणाली. "मलेही कमीच लागली."