बिनधुराची शेगडी

मी एक शेगडी. देवासच्या एका घरामागच्या अंगणात, रंगाच्या रिकाम्या डब्यातून माझा जन्म झाला.

मला घडवलं नीलकंठनं. तो कारखान्यात फिटर. मोठ्या डब्यात त्यानं दूध पावडरचा डबा बसवला, दोन्हींना भोकं पाडली आणि उरलासुरला रंग जाळून टाकला. मग आत काटक्या पेटवल्या. आधी थोडा धूर आला, आणि नंतर नुसती स्वच्छ ज्वाळा.

"देखो दादा, एकदम बढिया! धूरच नाही!" तो वडिलांना म्हणाला.

"झकास केलीस रे," दादा म्हणाले. "पहिला चहा माझा."

मला फार अभिमान वाटला. पण निखाऱ्यांतून आणखी एक गोष्ट निघत होती. तिला रंग नाही, वास नाही. अंगणात ती वाऱ्याबरोबर निघून जायची, म्हणून कुणाला कळलीच नाही.

जानेवारीत नीलकंठ, त्याची बायको कल्पना आणि दादा मांडूकडे निघाले. दरीच्या काठी तंबू ठोकला. दुपारी माझ्यावर खिचडी झाली. तेवढ्यात मावठ्याची, म्हणजे हिवाळ्यातल्या अवकाळी पावसाची, सर कोसळली. दादा कुडकुडू लागले.

"शेगडी आत घेतो," नीलकंठ म्हणाला.

"अहो, तंबूत विस्तव?"

"निखारेच तर आहेत. धूर कुठाय? टेन्शन नको घेऊ."

पाणी येऊ नये म्हणून त्यानं तंबूची चेन खालपर्यंत ओढली.

दादांनी माझ्यावर हात धरले. "आता कसं बरं वाटतंय," म्हणाले आणि कांबळं ओढून आडवे झाले. थोड्या वेळानं कल्पना कपाळ दाबू लागली. नीलकंठला जांभयांवर जांभया. कुणी खोकलं नाही, कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत. बोलणं हळूहळू थांबलं. मी तेवढी धगधगत राहिले.

कल्पनाला मळमळून आलं. कशीबशी चेन उघडून ती बाहेर रांगली आणि चिखलातच पडली. गार पाण्यानं तिला भान आलं.

"अहो! दादा!"

आतून ओ आली नाही. तिनं नीलकंठला पाय धरून ओढत बाहेर काढलं. मग दादांना. पावसात नीलकंठनं डोळे उघडले. दादांनी उघडले नाहीत.

"निखाऱ्यांचा वायू," धारच्या डॉक्टरांनी सांगितलं. "झोपेतच माणूस जातो."

देवासला परतल्यावर नीलकंठनं मला फोडायला हातोडा उचलला. पण हात वर गेला तो तसाच राहिला. तो माझ्याशेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला. कल्पनानं मला भंगारात देऊन टाकलं.

भंगारवाल्यानं मला मोडलं नाही. पुसून दुकानाबाहेर मांडलं. तिथं मला वीरेंद्रनं पाहिलं.

"क्या चीज है भिया! मस्त बनाई है किसीने."

किसीने. माझी हकिगत त्याला सांगणार कोण?

आता मी त्याच्या भाड्याच्या खोलीत आहे. संध्याकाळपासून गार वारा सुटलाय. त्याची चिमुकली आरोही सर्दीनं बेजार आहे. वीरेंद्रनं लाल निखारे माझ्यात भरून मला तिच्या अंथरुणाशी ठेवलंय.

बाबांनो, मला उघड्यावर पेटवा. माझ्यावर भात शिजवा, चहा करा, हवे तेवढे हात शेका. पण बंद जागेत मला नेऊ नका. मी तुमची वैरीण नाही, पण तिथं मला दुसरं काही होताच येत नाही.

ऐकतंय का कुणी? आरोहीची आई खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबते आहे. वीरेंद्र कडी लावायला दाराकडे वळलाय.