उरलेले तीन फोटो

मित्रांनो, या कपाटावर बसलेला मी एक जुना, रोलचा कॅमेरा. आमच्या कारखान्यात माझा थोरला भाऊही बनायचा. त्याचा थाट निराळा! त्याची एक कळ ओढून ठेवली की दहा सेकंदांनी तो आपोआप फोटो काढी. काढणारासुद्धा धावत जाऊन घोळक्यात उभा राही. मी पडलो स्वस्तातला. त्या कळीच्या जागी मला नुसता गुळगुळीत पत्रा.

मला घेतले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने.

"काच चांगली आहे साहेब, फक्त आपोआपचं तेवढं नाही," दुकानदार म्हणाला.

"आपोआप कशाला? मी आहे ना!" असे म्हणून त्यांनी मला गळ्यात घातले.

घरी आले की आधी हातांचे तेल साबणाने धुवायचे आणि मगच मला उचलायचे. लेकीचा पडलेला दात, लेकाची पहिली सायकल, जिन्यात दाटीवाटीने बसलेले पाहुणे, सगळे मी टिपले. पण रोल फार जपून वापरायचे. एक फोटो वाया गेला की दोन दिवस हळहळायचे.

एका दुपारी मला टेबलावर ठेवून ते चहा घेत होते. त्यांच्या बायकोने मला हळूच डोळ्याला लावले.

"अगं, वाया घालवशील!" हात पुढे करून ते ओरडले.

खट्!

तिने घाबरून मला खाली ठेवले. "आला का हो?"

"काय येणार? माझं कपाळ!"

आता रोलमध्ये तीनच फोटो उरले. "चांगल्या प्रसंगाला होतील," म्हणत त्यांनी मला कपाटात ठेवले. प्रसंग आले, पण त्यांना कुठलाच पुरेसा चांगला वाटला नाही. दोन वर्षे मी अंधारात तळमळत होतो. दार करकरले की वाटे, आता! पण हात यायचा तो शेजारच्या लोकरीच्या टोपीकडे.

मग एका सकाळी ते अचानक गेले.

घरात सगळे अल्बम उघडले. दात सापडला, सायकल सापडली, बाबा कुठेच नाहीत. एका फोटोत जमिनीवर त्यांची सावली तेवढी होती. कामाच्या ओळखपत्रावर नखाएवढा चेहरा, त्यावरही शिक्का.

"आई, बाबांचा एकही नाही गं!" लेक रडवेली झाली.

लेकाने मला बाहेर काढले. "यात काही आहे का बघतो," म्हणत त्याने पाठीच्या झाकणाला अंगठा लावला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो! आत उजेड शिरला असता, तर तो फोटो कायमचा गेला असता.

"थांब मेल्या!" आईच ओरडली. "आधी गुंडाळ, मग उघड! शंभरदा सांगायचे ते. ऐकलंस कधी?"

तिने स्वतः माझी आकडी फिरवून रोल गुंडाळला.

चार दिवसांनी पाकीट आले. शेवटचा फोटो वाकडा होता, जरा हललेला. पण त्यात ते होते. तोंड उघडे, हात पुढे, चहा बशीत सांडलेला.

"कुणावर ओरडतायत?" लेकीने विचारले.

"माझ्यावर," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि हसता हसता रडली.

तो फोटो आता समोरच्या भिंतीवर आहे. तो पुढे आलेला हात मला रोज 'आण इकडे' म्हणतो, आणि माझा जीव पुन्हा वरखाली होतो.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, गुंडाळल्याशिवाय उघडू नका. पण चांगल्या प्रसंगासाठी फोटो राखून ठेवू नका. आणि तुमच्या घरात जो सारखा "हसा, हसा" म्हणत असतो, त्याला एकदा समोर उभा करा. तो ओरडला तरी कळ दाबा.