अकराव्या दिवसाची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. पांढरी, सुती, बावीस नंबरची. तुमच्या आजोबांच्या डोक्यावर तुम्ही माझ्यासारख्या पुष्कळ पाहिल्या असतील. पण मित्रांनो, माझं वय चौदा वर्षं आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं मी कुणाच्याही डोक्यावर नव्हते.

माझा जन्म शहागंजमधल्या एका अंधाऱ्या खोलीत, चंपाबाईच्या मशीनवर झाला. चंपाबाई दिवसभर टोप्याच शिवायच्या. गठ्ठ्यात घालण्याआधी प्रत्येक टोपी त्या स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघायच्या. वाकडी बसली तर शिवण उसवायच्या. मी पहिल्याच फटक्यात सरळ बसले. मग त्यांनी मला घडी घालून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवलं, आणि माझा वनवास सुरू झाला.

आमच्या भागात कुठलंही कार्य असो, पाहुण्यांना टोपी-टॉवेल द्यावाच लागतो. बायकांना ब्लाउजपीस, पुरुषांना टोपी. चितेगावच्या एका लग्नात मी सर्जेराव नावाच्या पाहुण्यांच्या वाट्याला आले. मला वाटलं, आता मिरवणार! पण त्यांच्या डोक्यावर त्यांची स्वतःची टोपी होती. यजमानांनी मला तिच्यावर ठेवलं, फोटो निघाला, आणि सर्जेरावांनी मला उतरवून खिशात घातलं. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने मला पुन्हा पाकिटात घालून कपाटातल्या पिशवीत टाकलं. तशी पिशवी तुमच्याही घरात असेल, आईला विचारून बघा. आपल्याला आलेलं दुसऱ्याला द्यायचं, म्हणून ती असते.

त्यानंतर मी किती घरं पाहिली! साखरपुडे झाले, वास्तुशांती झाल्या, छावणीतल्या एका मास्तरांचा निरोप समारंभ झाला. एकदा तर, ज्यांनी मला दिलं होतं त्यांच्याच हातात मी परत गेले. पाकिटावरच्या चहाच्या डागावरून त्यांनी मला ओळखलं. दोन्ही घरांत वर्षभर बोलणं बंद होतं. माझा त्यात काय दोष? पण दर वेळी लोक म्हणायचे, “टोपी भारी आहे हां,” आणि भारी टोपी पुन्हा पिशवीत जायची.

शेवटी मी चिकलठाण्याच्या पलीकडे, अप्पाराव नावाच्या गृहस्थांच्या घरी येऊन पडले. तिथे तीन वर्षं काढली. एका सकाळी पिशवीत घाईघाईने हात आला. लग्नकार्याला जाताना लोक टोपी निवडून घेतात, उजेडात धरून बघतात. त्या हाताने काहीच बघितलं नाही. मी वर होते, मला उचललं. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, तेव्हाच मला कळलं की हे कार्य वेगळं आहे.

अप्पारावांचे मेहुणे कचरू गेले होते. चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात ते फोर्कलिफ्ट चालवायचे. म्हणजे जड पेट्या उचलून ठेवणारी ती छोटी गाडी. पहिल्या पाळीला निघताना दारात बसून ते बुटाची नाडी बांधत होते. एक बूट बांधून झाला, दुसरा राहिला. पन्नाशीही ओलांडली नव्हती. मागे बायको दगडाबाई, आणि एकुलता एक मुलगा सुदर्शन, वय तेवीस.

दहाव्या दिवशी सुदर्शनचे केस काढले. आमच्याकडे दहाव्याला मुलाच्या डोक्यावर पहिली टोपी मामाची असते. अप्पारावांनी मला पाकिटातून काढलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. मग माझ्यावर एकेका पाहुण्याची टोपी ठेवली गेली आणि उतरवली गेली. मी मात्र खालीच राहिले, थेट त्याच्या कातडीला लागून. वस्तरा लागून कानामागे जरासं कापलं होतं, तिथे ओलं लागत होतं. त्याचे केस दाट होते म्हणे. ते असते तर मी त्याला बसलेच नसते. मित्रांनो, चौदा वर्षांत पहिल्यांदा मला डोकं मिळालं, पण आनंद कसा मानायचा ते मला कळेना.

सुदर्शन रडला नव्हता. दहा दिवस तो पाहुण्यांना पाणी देत होता, सतरंज्या झटकत होता. लोक यायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे, “धीर धर” म्हणायचे. तो मान हलवायचा आणि पुढच्या पाहुण्यासाठी तांब्या भरायला जायचा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकराव्याला, त्याची मुलाखत होती. चितेगावजवळच्या एका कंपनीत, तयार झालेले नग तपासायचं काम. भरती वर्षातून एकदाच. त्याने फोन करून तारीख पुढे ढकलता येईल का विचारलं, तेव्हा पलीकडचा आवाज म्हणाला होता, “मग पुढच्या वर्षी या.” कशासाठी पुढे ढकलायची, ते सुदर्शनने सांगितलं नाही आणि समोरच्यानेही विचारलं नाही.

“तेराव्याच्या आत घराबाहेर नाय पडत, अक्का,” अप्पाराव बहिणीला म्हणाले. “लोक काय म्हणतील? बापाची राख थंड नाय झाली आन् पोरगं नोकरी हुडकाया चाललं.”

दगडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दहा दिवसांत त्या फारशा बोलल्या नव्हत्या.

“अप्पा, दोन महिने ह्यांनी पाठ घेतला त्याचा,” त्या म्हणाल्या. “कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी खाटंवर सायब होऊन बसायचे. ‘हं, मिस्टर सुदर्शन, टेल मी अबाऊट युवरसेल्फ.’ स्वतःला विंग्रजी येत नाय, पन प्रश्न समदे पाठ. लई हसायचो आमी.” त्या थांबल्या. “लोकाला काय म्हनायचं ते म्हनू दे. त्यो जाईल.”

“बरं,” अप्पाराव म्हणाले. “मग मीच नेतो गाडीवर.”

निघताना सुदर्शनने मला काढून खुंटीला अडकवलं. मुलाखतीला टोपी कशी घालायची? पण आरशात त्याने स्वतःचं डोकं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला. दगडाबाईंनी मला खुंटीवरून काढून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवलं. “उघड्या डोक्यानं नको जाऊ,” एवढंच म्हणाल्या.

बीड बायपासवर वारा असा सुटला होता की तो एका हाताने मला धरून बसला होता. कंपनीच्या फाटकापाशी बारा-पंधरा पोरं फाइली घेऊन उभी होती. सगळ्यांचे भांग पाडलेले. त्यांतला एक दुसऱ्याच्या कानात म्हणाला, “काय राव, पुढारीच आले!” आणि दोघं हसले. त्यांना माहीत नव्हतं. पण मला राग आला, आणि टोपीला राग आला तर ती काय करणार?

आत दोघं होते. कारखाना सांभाळणाऱ्या तनुजा मॅडम, इथल्याच, पन्नाशीच्या. आणि माणसं निवडणारे चिन्मय सर, पुण्याहून नव्याने आलेले, बोलायला गोड. कामाचे प्रश्न सुरू झाले आणि सुदर्शन सुरेख उत्तरं देऊ लागला. मी निवांत झाले. मग चिन्मय सरांनी फाइलीत बघत विचारलं, “वडील काय करतात?”

मित्रांनो, हा प्रश्न कचरूंनी खाटेवर बसून पन्नास वेळा विचारला असेल. सुदर्शनच्या तोंडून पाठ केलेलं उत्तर आपोआप आलं. “फोर्कलिफ्ट चालवतात, सर. बावीस वर्षं झाली, एकही अपघात नाही.”

“वा! आज कामावर असतील?”

“हो सर. फर्स्ट शिफ्ट आहे.”

माझ्याखाली त्याचं डोकं एकदम तापलं. घामाची एक धार कानामागच्या जखमेवरून खाली गेली. तो थांबेल, दुरुस्त करेल असं मला वाटलं. तो थांबला नाही. “घरी काही अडचण? पाळ्यांमध्ये काम करावं लागेल,” असं सरांनी विचारलं, तर म्हणाला, “काही अडचण नाही, सर.”  तनुजा मॅडम मात्र माझ्याकडे बघत होत्या.

मग प्रत्यक्ष काम बघायला तिघं कारखान्यात निघाले. दारात पिवळी हेल्मेटं टांगलेली होती.

“टोपी काढून हे घाला,” चिन्मय सर म्हणाले. “नियम आहे.”

सुदर्शनचा हात माझ्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. 

“अहो, काढा ना. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

तनुजा मॅडमनी दोन्ही हात पुढे केले. “माझ्याकडं द्या,” त्या म्हणाल्या. “मी सांभाळते.”

त्याने मला उतरवलं. चिन्मय सरांनी ते गुळगुळीत डोकं पाहिलं, कानामागचा काप पाहिला, आणि त्यांच्या हातातलं हेल्मेट तसंच राहिलं.

“कोण गेलं?” मॅडमनी विचारलं.

तो खाली बघत होता. मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, घाईही केली नाही. आतून मशिनींचा आवाज येत होता.

“अण्णा,” तो म्हणाला. “माझे वडील. आज अकरावा.” आणि मग, “मॅडम, फर्स्ट शिफ्ट खोटं होतं. मी खोटं बोललो.”

 चिन्मय सर हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाले, “मला वाईट वाटतं, सुदर्शन. खरंच. पण हे काम खऱ्याखोट्याचंच आहे. खराब नगाला उद्या तुम्ही चांगला म्हणणार नाही, हे मी कशावरून समजू?”

वाईट बोलले नाहीत ते. विचारण्यासारखंच विचारलं. सुदर्शनने मान वर केली.

“सर, दहा दिवस जे आले त्यांना सगळ्यांना माहीतच होतं. मला कुणाला सांगावंच लागलं नाही. तुम्ही विचारणारे पहिलेच. तोंडातून निघालंच नाही.”

“चूक माझीही आहे,” तनुजा मॅडम म्हणाल्या. “हे टोपी घालून आत आले तेव्हाच मला कळलं होतं. या वयाचं पोरगं आपल्याकडं उगाच टोपी घालत नाही. मुलाखतीत कसं विचारायचं, म्हणून मी गप्प बसले. विचारायला पाहिजे होतं.” मग त्या त्याच्याकडे वळल्या. “नग तपासाल? का आज नको?”

“तपासतो, मॅडम.”

पुढचं मी मॅडमच्या हातातून, घडीतून डोकावत पाहिलं.  टेबलावर धातूचे दहा नग होते. प्रत्येकाच्या भोकात मापाची एक दांडी घालून बघायची. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. टक, टक असा आवाज येत राहिला. दोन नग त्याने बाजूला ठेवले. शेवटच्या नगापाशी तो अडला. पुन्हा दांडी घातली, पुसून पुन्हा घातली.

“हा चांगला का वाईट?” सरांनी विचारलं.

“सर, ह्याचं मला आत्ता सांगता येत नाही. अडकल्यासारखा वाटतोय. दुसऱ्या दांडीने बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.”

सरांनी तो नग स्वतः हातात घेऊन दांडी घालून बघितली. मग कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर येताना सुदर्शनने हेल्मेट काढलं, मला मॅडमकडून परत घेतलं आणि डोक्यावर चढवलं.

बाकीच्या पोरांना निकाल आठ दिवसांनी कळणार होता. सुदर्शनच्या मागे मात्र चिन्मय सर फाटकापर्यंत चालत आले. “चौदाव्या दिवशी कामावर या,” ते म्हणाले. “त्याआधी नको. आईजवळ थांबा.” जाता जाता त्यांनी विचारलं, “वडिलांचं नाव काय होतं?”

“कचरू,” सुदर्शन म्हणाला. या वेळी त्याला थांबावं लागलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली अप्पाराव गाडीला टेकून उभे होते. “काय इचारलं रे?”

“अण्णांचं इचारलं.”

“आन् तू?”

“सांगितलं, मामा.”

आणि पैठण रोडच्या कडेला, ट्रक जात-येत असताना, तो रडला. अकरा दिवसांचं एकदम. खिशात रुमाल नव्हता. त्याने मला डोक्यावरून काढलं आणि तोंडाला लावलं. खरं तर हे टोपीचं काम नाही. पण मी एवढी वर्षं रिकामी बसले होते, मला त्या दिवशी कुठल्याच कामाचा कमीपणा वाटला नाही. अप्पाराव त्याला “रडू नको” म्हणाले नाहीत. गाडी चालू केली नाही, की घड्याळ बघितलं नाही.

आता मी त्यांच्या घरात खुंटीवर असते. माझ्या एका बाजूला तनुजा मॅडमच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे, ग्रीसचा. दगडाबाईंनी दोनदा धुतला, निघाला नाही. मी आता कुणाला द्यायच्या लायकीची राहिले नाही, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. उद्या तुमच्या वर्गात एखादा मुलगा केस काढून, टोपी घालून येईल. कुणीतरी मागून ती ओढेल, कुणीतरी टक्कल म्हणून हसेल. तुम्ही हसू नका. आणि काय बोलावं ते कळत नाही म्हणून लांबही बसू नका, मोठी माणसं तेच करतात. त्याच्या बाकावर जाऊन बसा. हळूच विचारा, “कोण गेलं?” तो लगेच सांगणार नाही. कदाचित खोटंच काहीतरी सांगेल. त्याला टोकू नका. दप्तर तिथेच ठेवा, आणि तो नाव सांगेपर्यंत उठू नका.