राणीसाहेबांची चाल

ताई न्हाणीघरात घसरून पडल्या तेव्हा त्यांच्या एका हातात केस वाळवायचं मशीन होतं आणि दुसऱ्या हातात राणीसाहेब. ताईंनी दोन्ही हात वर धरले आणि स्वतः खाली गेल्या. मशीनला ओरखडा नाही, राणीसाहेबांचा एक केस वाकडा नाही. ताईंच्या खुब्याचं हाड मात्र मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी धाकट्या बहिणीचा हात घट्ट धरला. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलणार. ताई म्हणाल्या, "तिचं पोट अजून ओलं आहे गं. गार हवेवर वाळव."

राणीसाहेब म्हणजे ताईंची कुत्री. माल्टीज जातीची, पांढरीशुभ्र, बुटकी. केस इतके लांब की ती उभी आहे का बसलीय ते लांबून कळायचं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर ताईंची सगळी शिस्त या कुत्रीच्या वाट्याला आली होती. त्या तिला कुत्र्यांच्या स्पर्धांना न्यायच्या आणि दर वेळी शेवटून दुसरा नंबर घेऊन यायच्या. परीक्षक जळतात, असं त्यांचं मत होतं. पुढची स्पर्धा दीड महिन्यावर आली होती आणि ती चुकवायची नाही, हे ताईंनी ऑपरेशनच्या आधीच जाहीर केलं. त्यामुळे राणीसाहेबांची रवानगी धाकट्या बहिणीच्या घरी झाली. बरोबर दोन मोठ्या बॅगा.

"लग्न होऊन आलीस तेव्हा तुझंसुद्धा इतकं सामान नव्हतं," बहिणीचे यजमान म्हणाले.

हे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल, टेबलावर दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, आणि स्क्रू ठेवायच्या इवल्याशा बशा. बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायचं काम करायची. ती सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. म्हणजे दिवसभर घरात घड्याळजी आणि राणीसाहेब. आणि घड्याळजींच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी कंगवा हातात धरलेला नव्हता.

"अहो, तुमचा हात हलका आहे," बायको म्हणाली.

"माझा हात लोखंडावर हलका आहे. ही हलते."

पण ताईंचा रोज व्हिडिओ कॉल यायचा आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. हॉस्पिटलच्या पलंगावर उशांना टेकून त्या हुकूम सोडायच्या. कोरड्या केसांवर ब्रश फिरवायचा नाही, तुटतात. आधी पाण्याचा फवारा. ब्रश टोकाकडून सुरू करायचा, मुळाकडून नाही. मग केसांच्या बटा करून प्रत्येक बट पातळ कागदात गुंडाळायची, घडी घालायची आणि वर रबरबँड. अशा पुड्या बांधल्या की केस जमिनीवर घासत नाहीत. कपाळावरच्या केसांची शेंडी बांधायची, म्हणजे डोळ्यांत जात नाहीत.

घड्याळजींनी पहिल्या दिवशी ब्रश मुळाकडून सुरू केला. राणीसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ब्रश खाली ठेवून "चुकलो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी जमलं. चौथ्या दिवशी पुड्या बांधायलाही जमल्या. सगळ्या पुड्या बांधून झाल्या की राणीसाहेब महिन्याचा किराणा अंगावर घेऊन निघाल्यासारख्या दिसत. गिऱ्हाईकं गोंधळून जायची. एका गाण्याच्या मास्तरांनी तर आत येताना विचारलं, "हिचं पुढचं टोक कुठलं हो?"

याच मास्तरांचं मनगटी घड्याळ दुरुस्त होऊन गेलं आणि दोन दिवसांत परत आलं. बंद पडलं होतं. घड्याळजींनी ते पुसून, तेल घालून दिलं. पुन्हा परत आलं. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांनी भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. आतल्या चाकाला एक लांब पांढरा केस शिस्तीत गुंडाळलेला होता. घड्याळात केसासारखी बारीक एक हेअरस्प्रिंग मुळातच असते; दुसरीची गरज नव्हती.

"काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"आत काहीतरी गेलं होतं," घड्याळजी म्हणाले आणि राणीसाहेबांना पायानं हळूच टेबलाखाली सरकवलं.

त्या दिवसापासून ते काम करताना मधूनमधून खाली बघायला लागले. आणि बघता बघता एक गोष्ट त्यांना खटकायला लागली. राणीसाहेब चालत नसत. टुणटुण उड्या मारत पुढे सरकत. दोन उड्या, मग थांबायचं, मग पुन्हा दोन उड्या.

"ती नजाकत आहे तिची," ताई फोनवर म्हणाल्या. "सगळे विचारतात, अशी चाल कशी शिकवली म्हणून."

घड्याळजींना मात्र ते पटेना. एखादं घड्याळ टेबलावर पडलं असताना बरोबर चालतं आणि मनगटावर चढलं की अडखळतं, तेव्हा आत कुठंतरी काहीतरी घासत असतं. त्यांनी दार लोटून घेतलं, टेबल रिकामं केलं, टॉवेल अंथरला, राणीसाहेबांना उताणं झोपवलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

वरून रेशमासारखे दिसणारे केस काखेत गुंतून त्यांची नमद्यासारखी घट्ट गाठ झाली होती. दोन्ही काखांत. शिवाय पोटाजवळच्या पुड्या इतक्या ताणून बांधल्या जात की पाय पुढे टाकला की कातडी ओढली जायची. आणि या पुड्या गेले काही दिवस घड्याळजी स्वतःच ताणून बांधत होते, ताईंनी सांगितलं होतं तशा. कपाळावरची शेंडीही तशीच करकचून. त्यामुळेच तर राणीसाहेब सदान्‌कदा काहीतरी धक्कादायक ऐकल्यासारख्या दिसत.

त्यांनी रबरबँड ओढून न काढता कात्रीच्या टोकानं एकेक तोडले. पुड्या पुन्हा सैल बांधल्या, कोपर आणि खांदा मोकळे सोडून. शेंडीही सैल केली. राणीसाहेबांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. डोळे पूर्ण मिटता येतात हे त्यांना नव्यानं कळल्यासारखं दिसत होतं.

काखेचं काम अवघड होतं. संध्याकाळी बायको आली तेव्हा घड्याळजी कॉर्नफ्लॉवरचा डबा घेऊन जमिनीवर बसलेले. गाठीत पीठ चोळायचं आणि बोटांनी एकेक केस सुटा करायचा. बायकोनं साडी खोचली आणि दुसरी काख घेतली. दोघांनी मिळून असं काही बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. ती दवाखान्यातल्या गमती सांगत होती, ते ऐकत होते, मधेच राणीसाहेब घोरत होत्या. दोन संध्याकाळी गेल्या. कडेचे केस सुटले, पण गाठीचा गाभा काही केल्या हलेना.

"कात्री," घड्याळजी म्हणाले.

"ताईला विचारायला हवं."

"विचारलं तर त्या नाही म्हणणार. मग आपण कापलं तर त्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल. न विचारता कापलं तर नुसतंच न विचारल्यासारखं होईल."

बायकोनं यावर थोडा विचार केला. मग दिवा जवळ आणला. घड्याळजींनी कातडी आणि गाठ यांच्यामध्ये कंगवा घातला, म्हणजे कात्री लागायला नको, आणि दोन्ही गाठी कापून काढल्या. वरून काही दिसत नव्हतं. बाजूचे लांब केस पडद्यासारखे खाली आले होते.

राणीसाहेबांना खाली ठेवलं. त्यांनी एक उडी मारली. थांबल्या. मग एक पाय पुढे टाकला, नुसता टाकला. मग दुसरा. आणि मग त्या जे पळत सुटल्या ते स्वयंपाकघर, तिथून पलंगाखालून, तिथून पुढच्या खोलीत, टेबलाच्या पायाला वळसा. वळसा चुकला. टेबल हललं आणि बशीतले सगळे स्क्रू जमिनीवर विखुरले. घड्याळजी आणि त्यांची बायको रात्रीच्या जेवणापर्यंत चारी पायांवर स्क्रू शोधत होते आणि राणीसाहेब, आता हा खेळ रोजचाच असं समजून, त्यांच्या मधून येरझारा घालत होत्या.

आता प्रश्न ताईंचा होता. घड्याळजींना न बोलता राहता यायचं. बायकोचं तसं नव्हतं. लहानपणापासून ती खोटं बोलली की तिला उचकी लागायची, आणि हे ताईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे फोन वाजला की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

"ती कुठाय?" ताई विचारायच्या.

"दूध तापवतेय."

"कालही दूधच तापत होतं. भाऊजी, तुम्ही दूध घेता तरी किती?"

घड्याळजी राणीसाहेबांना उचलून फोनसमोर धरायचे. ताई केस बघून खूश व्हायच्या. "खालून दाखवा," म्हणाल्या की नेमकं नेटवर्क जायचं. म्हणजे घड्याळजी लाल बटणावर बोट ठेवून ते घालवायचे.

स्पर्धा एका मोठ्या क्रीडागृहात होती. जिकडेतिकडे टेबलं, मशीनची घरघर, फवारे, आणि माणसांपेक्षा चांगले केस असलेली कुत्री. ताई चाकाच्या खुर्चीतून आल्या. राणीसाहेबांनी त्यांना पाहिलं आणि त्या सरळ धावत जाऊन त्यांच्या पायांशी नाचल्या. ताईंचे डोळे भरून आले. मग ते बारीक झाले.

"ही धावली कशी?"

ताईंनी धाकट्या बहिणीकडे पाहिलं. "कुठं कात्री लागलीय का?"

"नाही," बहीण म्हणाली, आणि तिला उचकी लागली. तोंडावर हात ठेवला, तरी दुसरी आली.

ताईंनी राणीसाहेबांना मांडीवर घेतलं, खाली हात घातला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अडीच वर्षं वाढवलेले केस," त्या एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा क्रमांक पुकारला गेला. ताईंना चालता येत नव्हतं. त्यांनी पट्ट्याची दोरी घड्याळजींच्या हातात जवळजवळ फेकली. "जा आता. करा काय करायचं ते."

परीक्षक एक उंच, पोक्त बाई होत्या. त्यांनी राणीसाहेबांना टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, केस बोटांत धरून उजेडात पाहिले, दात पाहिले. मग हात खाली गेला आणि थांबला.

"इथे कापलंय."

"हो," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या अंगावर लग्नातला कोट होता आणि त्यात त्यांना घाम फुटला होता. "गाठी झाल्या होत्या. पाऊल टाकलं की ओढ बसायची. सोडवायचा प्रयत्न केला, पण सुटल्या नाहीत."

"चालवून दाखवा."

घड्याळजी निघाले. राणीसाहेबही निघाल्या, आधी चालत, मग लगबगीनं, मग शेपटी पाठीवर टाकून, केस दोन्ही बाजूंना पाण्यासारखे हलवत. घड्याळजींना या वयात पळावं लागलं. पहिला फेरा त्यांनी राणीसाहेबांना पळवलं. दुसरा राणीसाहेबांनी त्यांना. कडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या कुणासाठी होत्या हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही.

तिसरा नंबर आला. फीत बांधून झाल्यावर परीक्षकबाई दोरीपलीकडे बसलेल्या ताईंपाशी आल्या. "केसांचे गुण कमी करावे लागले मला," त्या म्हणाल्या. "पण मागच्या खेपेला हिला मीच तपासलं होतं. उड्या मारत आली, तेव्हा मला वाटलं पायातच व्यंग आहे. म्हणून मागे टाकलं होतं."

ताईंना गाडीत बसवलं. फीत राणीसाहेबांच्या गळ्यात होती आणि राणीसाहेब ती चावत होत्या. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिला दुखत होतं. आणि मी चारचौघांत कौतुकानं सांगत होते."

"ती कुठं बोलली कधी," घड्याळजी म्हणाले. "तुमच्या मांडीवर उताणी झोपत नसेल ना?"

"नाही झोपायची. मला वाटायचं लाजाळू आहे."

राणीसाहेब घड्याळजींकडेच राहिल्या, पण पुढचे काही दिवस फोन आला नाही. बायको उगाच दूध तापवायची. मग एका सकाळी फोन आला, व्हिडिओशिवाय. ताईंचा आवाज कोरडा होता. "भाऊजी, त्या पुड्या सैल म्हणजे नेमक्या किती सैल? बोट जायला हवं का?"

"करंगळी गेली तरी पुरे."

"आणि पोटाखालचे केस थोडे कमी केले तर उन्हाळ्यात बरं वाटेल तिला?"

"वाटेल. वरून कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," ताई म्हणाल्या. "पण चालेल."

राणीसाहेबांना न्यायला ताई स्वतः आल्या, वॉकरच्या आधारानं, एकेक पाऊल मोजत. घड्याळजींनी सकाळी राणीसाहेबांना न्हाऊमाखू घातलं होतं. केस वाळवताना मशीन मंद ठेवलं होतं, आणि टेबलावरची सगळी घड्याळं आधीच कपाटात बंद केली होती. जाताना राणीसाहेब पुढे निघाल्या. दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या, ताई अजून खोलीच्या मध्यावरच होत्या. राणीसाहेब परत आल्या, वॉकरभोवती एक चक्कर मारली, पुन्हा दारापर्यंत गेल्या.

"थांब गं बाई," ताई म्हणाल्या. "तुझी चाल सुधारली. माझी अजून सुधारायची आहे."

राणीसाहेब उंबऱ्याशी बसल्या. बायकोनं ताईंचा हात धरला. घड्याळजी बॅगा घेऊन मागे उभे होते. घाई करू नका म्हणावं असं त्यांच्या मनात होतं, पण ताईंना कुणी तसं सांगितलेलं आवडत नसे, म्हणून ते नुसतेच उभे राहिले.