चौथ्या तबकडीवरची वाहवा

ग्वाल्हेरात हळू आवाजात गाणाऱ्या माणसाकडे लोक काळजीनं बघतात. घसा बसलाय का म्हणून विचारतात आणि ज्येष्ठमध देतात. इथे गायचं ते किल्ल्यावर ऐकू जाईल असं. अशा गावात मी भावगीतं लिहायचो, त्यांना स्वतःच चाली लावायचो आणि बोलता बोलता सूर लागावा तशी ती गायचो. मुकुंदरावमामा विचारायचे, "लक्ष्मीकांत, गातोयस की कानात सांगतोयस?"

पोटासाठी मी मध्य भारताच्या सचिवालयात होतो. आमच्या राज्याला दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. त्यामुळे फाइली, माझी बायको कुमुदिनी, मी आणि माझी पेटी दरवर्षी इकडून तिकडे जायचो. छप्पन साली कळलं, की राज्यच आता मोठ्या राज्यात विलीन होणार आणि आम्ही कायमचे भोपाळला जाणार. राज्य आठ वर्षं चाललं. माझं एकही गाणं तेवढं चाललं नव्हतं.

जाण्याआधी मला एकच गोष्ट हवी होती, मामांची दाद. मामा तरुणपणी रीतसर ख्याल शिकले होते आणि नंतर फक्त ऐकायचे. संस्थान गेलं, सनदांची रद्दी झाली, पण लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, मामांची 'वाह' अजून चालत होती. ती ज्याला मिळाली तो गवई. मला ती कधी मिळाली नव्हती. माझं गाणं संपलं की ते "जेवायला काय आहे?" असं विचारायचे.

मी ठरवलं, आठ गाण्यांच्या चार तबकड्यांचा संच काढायचा. कापडी पुठ्ठ्याचा, आत खिसे असलेला, वर माझं नाव. छापलेल्या नावाला तरी मामा मान देतील.

नई सडकेवर एका रजईवाल्याच्या दुकानावर भटनागर नावाच्या गृहस्थांची रेकॉर्डिंगची खोली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना खालच्या दुकानातल्या रजया टांगलेल्या. थंडी पडली की गिऱ्हाईक वर यायचं आणि भिंत विकत घेऊन जायचं. तेव्हा दिवाळीच्या आत उरकायला हवं होतं. गाणं चालू असतानाच सुई ते फिरत्या तबकडीवर कोरत जायची. कुणी खोकलं की खोकलाही अजरामर.

मी पहिल्याच दिवशी घोळ घातला. समोर कुणी नसताना गाणं याला आमच्याकडे रियाज म्हणतात, आणि रियाजाचा संच कोण काढतो? म्हणून जाजम घालून मी नातलग आणि शेजारी बोलावले. पहिल्याच ओळीला "वाह!", दुसरीला "क्या बात है!", आणि तबल्यावरच्या कान्होजीच्या चुलत्यांनी तर मांडीवर अशी थाप मारली की सुईच उडाली. त्यांचं घराणं घोडदळातलं. मांडी आणि घोडा यांत ते फरक करत नसत.

भटनागर काचेमागून बाहेर आले. "साहब, आपके मेहमान आपसे अच्छे रिकॉर्ड हो रहे हैं।"

मी हात जोडून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

"गप्प?" चुलते उठले. "गाण्याला आलोय की मयतीला? चला रे, बाड्याच्या चौकात कचोरी खाऊन घेऊ."

जाजम रिकामं झालं. मामा तेवढे बसून राहिले. भटनागरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"त्यांना राहू द्या," मी म्हणालो. "त्यांच्याकडून धोका नाही."

सात गाणी निर्विघ्न पार पडली. मामा डोळे मिटून बसले होते. पान चघळत होते म्हणून जागे आहेत एवढं कळत होतं. कान्होजी जीव मारून तबला वाजवत होता, कुमुदिनी तंबोऱ्यावर होती. आठवं गाणं बदलीवरचं होतं. ते मी नीट, डोळे मिटून, थोडा भारावूनच घेतलं. दुसऱ्या कडव्यात 'सारे बांधून झाले' इथवर आलो आणि पुढची ओळ गेली. समोर नुसता काळोख. मी आपला 'आ' लांबवला, कान्होजीनं एक आवर्तन सांभाळून घेतलं, आणि तंबोऱ्यामागून कुमुदिनीनं ओळ म्हटली,

'खिडकी कशी बांधू?'

मला आठवणार कशी? सबंध संचात तेवढीच ओळ माझी नव्हती. मागच्या उन्हाळ्यात इंदूरला निघताना ट्रंका बांधून झाल्यावर कुमुदिनी किल्ल्याकडच्या खिडकीत उभी राहून असं म्हणाली होती. मी "चल, टांगा आलाय" म्हटलं, आणि संध्याकाळी गाडीत ते वाक्य गाण्यात घातलं.

मी लगेच सूर पकडला, आणि त्याच वेळी मामांचा आवाज आला. "वाह!"

पुढचं गाणं मी कसं गायलो मला ठाऊक नाही. संपल्यावर भटनागर म्हणाले, "साहब, बुज़ुर्ग की आवाज़ आ गई. दुबारा कर लेते हैं।"

"अजिबात नाही! हीच राहणार."

"अहो, पण मध्येच माझा आवाज आलाय," कुमुदिनी म्हणाली.

"तुझं काय एवढं? असू दे. मोठ्या माणसाची दाद पुसायची नसते."

भटनागरांनी तबकडी लावली. मी मामांशेजारी जाऊन बसलो, हार घालायला जागा राहील असा. सचिवालयात आम्ही घडलेल्या गोष्टींचा क्रम सोयीनं लावतो. तबकडीला ती शिस्त नाही. आधी माझा 'आ' आला, पत्त्याच्या शोधात हिंडणाऱ्या पोस्टमनसारखा. मग तिची ओळ, सरळ, साधी, खिडकीत उभं राहून म्हणावी तशी. मग 'वाह!' आणि त्यानंतर, बऱ्याच वेळानं, मी.

कान्होजी तबला पिशवीत घालू लागला. तो आधीच पिशवीत होता.

"पुन्हा करा ना," कुमुदिनी पुटपुटली. "संच तुमचा आहे."

भटनागरांच्या हातात कोरी तबकडी तयार होती. पुन्हा घेतलं असतं तर मला ओळ आठवली असती, मामा गप्प बसले असते, आणि संच अगदी निर्दोष, अगदी माझ्यासारखा झाला असता.

मी मामांकडे बघितलं. "काय करू, मामा?"

"मला काय विचारतो? तुझी चीज आहे." ते काठी घेऊन उठले. दारात थांबून कुमुदिनीला म्हणाले, "पोरी, इतकी वर्षं मागे बसून काय करत होतीस?"

"तंबोरा लावत होते, मामा."

"हं. आणि हा त्याला कानात सांगत होता. जेवायला काय आहे आज?"

"राहू दे हीच," मी भटनागरांना म्हणालो. "पुठ्ठ्यावर नाव मात्र आणखी एक घाला."

"जगह नहीं है साहब, आपका नाम बड़ा छपा है।"

मग माझं लहान करायला सांगितलं. आयुष्यात प्रथमच.

भोपाळला आमच्याकडे कुणी ग्वाल्हेरचं आलं, की चहाच्या आधी चौथी तबकडी मागतात. मी सुई बरोबर मध्यावर ठेवतो. आता मला ती जागा न बघता सापडते. तिथली काळी चकाकी जाऊन पांढुरका पट्टा पडलाय, कुमुदिनीचा आवाज जरा खरखरतो, मामांची 'वाह' अजून शाबूत आहे. त्यानंतर मी सुरू होतो आणि पाहुणे चहाचं विचारतात.

बाकीच्या सात गाण्यांवर एक ओरखडा नाही. अगदी नवीन आहेत. कुणाला हवी असल्यास सांगा.