जंजिऱ्याची बोट

आमच्या बार्शीटाकळीच्या मानसानं समुद्र पाह्याले जावं तरी कवा, सांगा बरं? उन्हाळ्यात घरोघरी लग्नं. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या बोटी बंद. अन् हिवाळ्यात, जवा सारी दुनिया तिकडे जाते, तवा आमच्या वावरात कापूस फुटते.

माह्या सासूबाई, मैनाबाई, माह्या पोराच्या, पियुषच्या पुस्तकात जंजिऱ्याचा फोटो पाहून येड्याच झाल्या होत्या. चारही बाजूनं पानी अन् मधात किल्ला. त्याइले काठावरून नाही, आत जाऊन पाह्याचं होतं. दर हिवाळ्यात त्या विषय काढत, अन् माहे सासरे चंद्रभानमामाजी दरसाल एकच म्हनत, सीतादही कोन करीन? पहिल्या वेचनीच्या दिवशी घरच्या मालकिनीनं वावरात पूजा करून दही-भात ठेवल्याबिगर आमच्याइथं कोनी बोंडाले हात लावत नाही. मंग तूर येते, चना येते, अन् हिवाळा सरते.

यंदा जुलैत अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, सासूबाईले दिवाळी कठीन हाय. जंजिऱ्याच्या बोटवाल्याले मी रोज फोन लावून राहिली होती. रडली, हातापाया पडली. म्हनलं, खाली उतरवू नको भाऊ, दरवाजा तेवढा दाखव. तो बिचारा भला मानूस. म्हने, ताई, आता लाटा दरवाजावर आपटतात, बोट फुटेल. डिसेंबरात या, डिसेंबर सगळ्यात छान. आग लागो त्या डिसेंबराले! मी फोन फेकून देल्ला.

आत्याबाई, सासूबाईले मी आत्याबाईच म्हनो, खाटेवरून सारं ऐकून राहिल्या होत्या. मले जवळ बसवलं अन् सीतादही कसं करावं ते समजावून सांगतलं.

"यंदा तू कर," त्या म्हनल्या. "मी सुटली. बोट सुरू झाली का आपन निंघू."

पोळ्यानंतर बोटी सुरू होतात म्हने, तवा पोळा झाला का निंघाचं ठरलं. माह्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, गाडी आनली, मागच्या सीटवर गादी टाकली. मामाजी कुरकुरत राहिले, बाईले बसवत नाही अन् चालल्या किल्ला पाह्याले. मी त्याइच्याशी भांडली, चांगली तोंडावर बोलली. पन पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्याबाई गेल्या. गाडीतली गादी गजेंद्रनं काढली.

दसऱ्यानंतर कापूस फुटला. सीतादही मी केलं. मामाजी आजवर बायकाइचं काम म्हनून धुऱ्यावर, बांधावरच थांबत, यंदा पहिल्यांदा जवळ आले. मी देव म्हनून खडे मांडले, हळद-कुंकू वाहिलं, दही-भात ठेवला, पहिल्या बोंडाचा कापूस वाहिला अन् उठली. बायाइनं कापूस टाकाले कमरेले ओट्या बांधल्या, वेचाले लागल्या. मामाजी तिथंच उभे.

"झालं?" त्याइनं विचारलं.

"झालं."

"एवढंच राहते?"

"एवढंच, मामाजी."

ते त्या दही-भाताकडे पाहत राहिले. मंग तिथंच, ढेकलांत खाली बसले.