सागवानी नावेवरचा घाव

भागूबाईला नवी नाव पाहिजे होती, आणि वस्तीतल्या एकाही बाप्याला ते पटत नव्हतं.

पोरांनी नव्याचा हट्ट धरावा आणि म्हाताऱ्यांनी जुन्याला कवटाळावं, अशी जगाची रीत. इथं सगळं उफराटं झालं होतं. साठी कधीच मागं टाकलेली बाई फायबरच्या नावेसाठी अडून बसली होती, आणि तिचा तरणाताठा मुलगा सत्यम तिला समजावत होता, "आये, आज्याची नाव हाय ती. राहू दे की."

"आज्या तुजा. नावंतलं पाणी उपसते कोण? मी."

बिडकीन मागं टाकून पैठणच्या अंगाला गेलं की जायकवाडीचं पाणी लागतं. पावसाळ्यात ते शेताच्या बांधाला टेकतं, उन्हाळ्यात मागं सरून चिखल उघडा टाकतं. त्याच काठाला मासे धरणाऱ्यांची ही वस्ती. धरण झालं तेव्हा यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. भागूबाईचा सासरा, नानासाहेब, मोठा हिकमती माणूस. घरात पाणी शिरायच्या आधी त्यानं आढ्याच्या सागवानी तुळया उतरवल्या, चिरून त्यांच्या फळ्या केल्या आणि त्या फळ्यांची नाव बांधली. "लोकांची घरं बुडाली, आमचं तरंगायला लागलं," असं तो मिशीला पीळ देत सांगायचा. म्हणून या नावेला वस्तीत फार मान. दसऱ्याला सगळ्यात आधी हळदकुंकू तिला.

आता ज्यानं कधी पाण्यात पाय घातला नाही, त्याला एक गोष्ट सांगायला हवी. लाकडाची नाव नुसती बांधून भागत नाही. दर उन्हाळ्यात ती काठावर पालथी घालायची, फळ्यांच्या फटींत काथ्या ठासायचा आणि वरून कढत डांबर फिरवायचं, तेव्हा कुठं पाणी बाहेर राहतं. नवं डांबर लावण्याआधी जुनं खरवडून काढतात. पण या घरात खरवडायचं नाही, असा दंडक होता. का? तर सगळ्यात खालचा थर नानासाहेबांच्या हातचा. म्हाताऱ्याचा हात पुसायचा कसा? म्हणून थरावर थर चढत गेले. माणसाला प्रेमानं खाऊ घालून घालून आजारी पाडावं, तशी नाव वर्षागणिक जड होत गेली. पाण्यात ती गाभण म्हशीसारखी चालायची. आणि इतकं डांबर खाऊनही कुठून ना कुठून झिरपायचीच.

ती ढकलायला दोन माणसं लागत आणि चालवायलाही दोन. एकानं वल्हं मारायचं, दुसऱ्यानं तेलाचा कापलेला डबा घेऊन पाणी उपसायचं. भागूबाईचा नवरा लक्ष्मण होता तोवर ती जोडी जमली होती. तो गेला, मग काही वर्षं सत्यम आला. पुढं सत्यम वाळूजच्या कंपनीत लागला, त्याच्या पाळ्या सुरू झाल्या, आणि वल्ह्यावर येऊन बसला दीर, सर्जेराव.

सर्जेराव वाईट माणूस नव्हता. अडीअडचणीला धावून यायचा, मासळीची वाटणी सरळ करायचा. पण जाळं कुठं टाकायचं ते त्यानं ठरवायचं, कधी निघायचं ते त्यानं ठरवायचं. भागूबाई म्हणाली, "भाऊजी, आज वारं वरून हाय, झाडोऱ्याकडं टाकू," की तो म्हणणार, "वैनी, तुमी डब्याकडं बगा." आणि त्याला लग्न निघालं, दहावा निघाला, कुणाची सोयरीक जुळवायची निघाली, की नाव काठाला आणि भागूबाई चुलीपाशी. घरासमोर एवढं पाणी पसरलेलं, आणि आपण कुणाची तरी वाट बघत बसायचं, हे तिला सलत होतं.

तिला दुसरं काही नको होतं. मनात येईल तेव्हा, मनात येईल तिकडं, एकटीनं पाण्यावर जायचं होतं. फायबरची नाव हलकी. एकटी बाई ती ओढून पाण्यात घालू शकते, एकटी चालवू शकते. ना डांबर, ना डबा.

सून सुलेखा सासूच्या बाजूनं होती. तिनंच मच्छीमारांच्या सोसायटीत चकरा मारून सासूच्या नावावर फायबरची नाव मंजूर करून आणली होती. अट एकच. एका घराला पाण्यावर एकच नाव. जुनी मोडल्याशिवाय नवी उतरवायची नाही.

आणि गाडं अडलं ते इथंच.

कारण वस्तीची रीत अशी, की नाव मोडायची तर पहिला घाव घरातल्या कर्त्यानं घालायचा. तो पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. सर्जेरावनं साफ सांगितलं, "माज्या बापाच्या घरावर मी कुऱ्हाड चालवणार नाय." सत्यमकडं बघावं, तर तो कंपनीच्या बुटांची नाडी बांधायला लागायचा. नवी नाव सोसायटीच्या शेडमध्ये पडून राहिली. उन्हाळा सरत आला, तरी घाव काही पडेना. सर्जेरावनं तर डांबराचा पिंपही आणून ठेवला.

ज्या सकाळी तो डांबर कढवायला चूल मांडत होता, त्याच सकाळी भागूबाई सरपणाची कुऱ्हाड खांद्यावर टाकून काठावर आली. पदर कमरेला खोचलेला. मागं सुलेखा. जाळी विणत बसलेली माणसं बघायला लागली.

"वैनी, कुऱ्हाड कशाला?" सर्जेरावनं विचारलं.

"भाजी चिरायला."

कुणीतरी हसलं. सर्जेराव हसला नाही. तो पालथ्या नावेच्या आडवा उभा राहिला. "रीत ठावं हाय ना? कर्त्यानं घालायचा घाव."

"व्हय. म्हून तर आले."

"कर्ता म्हंजी बाप्या असतो, वैनी."

"कुटं हाय?" भागूबाईनं मान उंच करून आजूबाजूला बघितलं. "लई दिस झाले, मी बी त्याचीच वाट बगायले. एक म्हणतो घालत नाय, दुसरा बुटं बांधतो. नावंत बसून पाणी उपसताना म्या कर्ती नव्हते, आन मोडताना बी नाय? मग हाय तरी कोण? घरातली घागर?"

सत्यम रात्रपाळी करून नुकताच आला होता. तो पुढं झाला. "आये, लोकं बगायलेत."

"बगू दे. तिकीट नाय लावलं."

"वैनी, इचार करा," सर्जेरावचा आवाज आता खाली आला. "ह्या फळ्यांच्या खाली आमी पाची भावंडं जल्मली. घराची तुळई हाय ही. आमच्या गावाचं दुसरं काय उरलंय?"

हे खरं होतं, आणि भागूबाईला ते ठाऊक होतं. सासऱ्याचा म्हातारपणचा हात तिला आठवला, डांबरानं काळा, चुलीच्या उजेडात. त्या हाताला तिनंच तेल चोळलं होतं. मग ती म्हणाली, "भाऊजी, मामंजींनी घर मोडलं तवा कुणाला इचारलं? आजेसासूबाई रडत हुत्या, तरी त्यांनी तुळया उतरवल्या. का? तर पुढं जगायचं हुतं. त्यांनी घर मोडलं, मी नाव मोडते. सरका."

सर्जेराव सरकला नाही. ती त्याला वळसा घालून नावेच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि कुऱ्हाड घातली.

घाव डांबरात रुतला. मऊ गुळात सुरी जावी तसा. कुऱ्हाड निघेना. काठावरची माणसं खुसखुसली. तिनं नावेला पाय लावून ती उपटली आणि पुन्हा त्याच जागी घातली. या वेळी खणकन आवाज झाला आणि कुऱ्हाड उलटी उसळली. डांबराचा ढलपा निघाला होता आणि आत सागवान दिसत होतं, पिवळसर, घट्ट. काल रंधा मारल्यासारखं.

काठावरची माणसं हातातली जाळी टाकून जवळ आली.

"बगितलं?" सर्जेराव जवळजवळ ओरडलाच. "बगितलं सगळ्यांनी? कीड नाय, सड नाय. अजून दोन पिढ्या चालंल ही नाव! वैनी, आता तरी ठिवा कुऱ्हाड."

माणसांनी माना डोलावल्या. सत्यमनंही डोलावली. भागूबाईनं त्या उघड्या लाकडावरून तळवा फिरवला. किती चांगलं लाकूड होतं! सासऱ्याची पारख काही खोटी नव्हती.

"मी कदी म्हणलं सडली म्हून?" ती म्हणाली. "चांगलीच हाय. तुमच्यासाठी. मला हिच्यात बसायचं नाय, यवढंच माजं म्हणणं. त्याला नाव कशाला सडाय पायजे?"

सर्जेराव मांडलेल्या चुलीपाशी जाऊन बसला. नाव कुजली म्हणून मोडली, असं झालं असतं तर त्याची समजूत कशीतरी पटली असती. धडधाकट नाव बाईच्या मर्जीनं मोडायची, हे त्याला काही पचेना.

तिनं तिसरा घाव घातला. चौथा. दम लागला, खांदा भरून आला. सत्यम आईजवळ आला आणि त्यानं हात पुढं केला. ती म्हणाली, "तू नगं. रातभर जागलास, जा, झोप जा. सुलेखा, ये पोरी. फळीच्या कडंला मार, मदी नगं. लाकूड चांगलं हाय, फुकट नासू नगं. घराला दार व्हईल त्याचं."

दोघींनी मिळून दुपारपर्यंत पहिली फळी सोडवली. मग सर्जेराव उठला, पहार घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाला लागला. रागानंच लागला, पण लागला.

दोन दिवसांनी नवी नाव पाण्यात आली. निळी, प्लॅस्टिकच्या टोपल्यासारखी दिसणारी. भागूबाईनं ती एकटीनं ओढत नेली, नारळ फोडला, आत बसली आणि वल्हं मारलं. नाव पुढं जायचं सोडून गर्रकन फिरली. जड नावेची सवय झालेला हात, त्यात जोर फार; हलक्या नावेला तो सोसेना. पुन्हा वल्हं मारलं, पुन्हा गिरकी. जातं फिरावं तशी बाई काठापासून पंधरा हातांवर फिरत होती, आणि अख्खी वस्ती हसून लोळत होती. सुलेखाही तोंडावर पदर धरून हसत होती.

सर्जेराव पाण्यात गुडघाभर शिरला. "वैनी! हळू मारा! डावीकडं, डावीकडं!"

"ओरडू नगा, भाऊजी!" फिरता फिरताच भागूबाईनं उत्तर दिलं. "माजी नाव हाय. फिरू द्या तिला, किती फिरायचं ते!"

आणखी चारदा ती फिरली. मग हात सैल झाला, वल्हं हलकं पडायला लागलं आणि नावेचं तोंड खोल पाण्याकडं वळलं. वाकडीतिकडी जात होती, पण जात होती. भागूबाईनं मागं वळून काही बघितलं नाही.